म्हाताऱ्याला उठवणारा

संध्याकाळी तो घरी आला, जिना चढला, दारासमोर उभा राहिला आणि गळ्यातलं ऑफिसचं कार्ड त्यानं घराच्या कुलपावर धरलं. धरलं ते धरूनच राहिला. हिरवा दिवा लागायची वाट बघत. आता घराच्या कुलपाला कुठला आलाय दिवा? दारातच बसवलेलं साधं पितळी कुलूप, तेही जरा आडमुठं, किल्ली आधी थोडी उलटी फिरवायची आणि मग सुलटी, तेव्हा कुठं ते ऐकायचं. पण गडी उभा. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कार्ड, चेहऱ्यावर रोज सकाळी काचेच्या दारापुढं असतो तो शहाण्या मुलासारखा भाव. तेवढ्यात दार उघडलं. त्याला वाटलं, लागला दिवा. तो आत पाऊल टाकणार तर समोर बायको, आणि ती दाराच्या चौकटीला धरून हसतेय. पावलं वर आलेली तिला ऐकू आली होती, किल्ली काही वाजली नाही, म्हणून तिनं दारातल्या भिंगातून बघितलं होतं. "अरे, किती वेळ उभा होतास! मी म्हटलं बघू तरी, दाराला हात जोडतोय की काय." तिचं हसू थांबेना. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटायची सोय नाही. तोही हसला. हसण्यासारखंच होतं ते.

जेवताना ते सगळं पुन्हा झालं. मुलीला सांगून झालं. मुलगी आता त्या वयाची की बाप म्हणजे तिला चालताबोलता विनोदच. ती म्हणाली, "बाबा, दारानं पासवर्ड नाही विचारला? उद्या आईला लॉगिन करशील." मग त्याच्या आईला सांगून झालं. आईला उजव्या कानानं ऐकू येत नाही, आणि नेमकं आधी उजवीकडून सांगितलं गेलं, मग डावीकडून, आणि डावीकडून सांगेपर्यंत त्या गोष्टीतला जीव गेलेला होता. आई म्हणाली, "दमला असेल." बस्स, तेवढंच. सगळे आपापल्या ताटाकडं वळले. पण त्यानं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ती सांगण्यासारखीही नव्हती. दार उघडलं ना, त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. छातीतली हवा बाहेर गेली होती आणि मनात आलं होतं, चला, चालतंय अजून आपलं कार्ड. म्हणजे ते कार्ड एक दिवस चालणार नाही हे भय त्याच्या पोटात रोज होतं. रोज सकाळी त्या काचेच्या दारापुढं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. आपल्याच घरात भाडेकरू राहत असावा, स्वयंपाकपाणी करून खात असावा, आणि मालकाला एका संध्याकाळी तो जिन्यात भेटावा, तसं झालं होतं.

आणि वाईट भाग असा, की भय वाटावं असं त्या नोकरीत काही नव्हतंच. लोक अशा नोकरीसाठी नवस बोलतील. लग्नाआधीपासून तो तिथं होता. खुर्चीचं बूड त्याच्या बुडाच्या मापानं खचलं होतं. खिडकीतून एक झाड दिसायचं, तो आला तेव्हा ते खालच्या मजल्याइतकं होतं, आता त्याच्या मजल्याशी येऊन आत डोकावत होतं. कंपनी विमानांच्या जागा वाटायचं सॉफ्टवेअर चालवायची. कोण खिडकीशी, कोण मधे, कोण मागं संडासाजवळ. वरचं सगळं नवं होतं, दर वर्षी रंग बदलायचं, पण सगळ्याच्या तळाशी एक जुना प्रोग्रॅम होता, ज्यांनी लिहिला ते कधीच कुठं कुठं निघून गेलेले, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्या प्रोग्रॅमला ऑफिसात सगळे म्हातारा म्हणायचे. आणि ह्याला म्हणायचे डॉक्टर, कारण म्हाताऱ्याचं सगळं हाच बघायचा. "डॉक्टर, म्हातारा कसाय आज?" "खोकतोय थोडा." "बघा हं, आमच्या शिफ्टमधे जाऊ देऊ नका." असं चालायचं. पोरं नवी यायची, जुनी व्हायच्या आत जायची, पण हा विनोद पुढच्यांच्या हाती देऊन जायची. म्हाताऱ्याची एक खोड होती. रोज पहाटे आदल्या दिवशीचं सगळं खाऊन झालं की तो एका ठिकाणी अडकायचा. गप्प बसून राहायचा. मग सकाळी कुणीतरी एक ओळ टाइप करायची, म्हणजे त्याच्या पाठीत हलकी थाप मारायची, की हा पुढं चालू. ती थाप डॉक्टर मारायचा. सुट्टीत मारायचा, तापात मारायचा, सासरे गेले त्या दिवशी मारली. मुलगी झाली तेव्हा बायको आत आणि हा बाहेर बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पोरीचं पहिलं रडणं त्यानं ऐकलं तेव्हा त्याचं बोट एंटरवर होतं. बायको ते अजून काढते. "मी आत मरत होते आणि हा बाहेर म्हाताऱ्याला उठवत होता," असं ती चारचौघांत सांगते, हसत सांगते, पण सांगते.

आता ह्यातली गोम अशी, की म्हातारा का अडकतो हे त्याला फार पूर्वीच कळलं होतं. यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ यायची, म्हाताऱ्याला वाटायचं अजून काहीतरी यायचंय, आणि तो पाहुण्याची वाट बघत बसायचा. एवढंच. चहा पिता पिता दुरुस्त होईल एवढंच काम. त्यानं ते केलं नव्हतं. स्वतःला सांगितलं होतं, जुन्या माणसाला सुरी लावू नये, उगाच दुसरंच काही निघायचं. पहिल्या वर्षी हे खरंही होतं. पुढं पुढं ते खरं राहिलं नाही, पण तोवर सकाळी ती थाप मारायची बोटांना सवय झाली होती, आणि थाप मारून झाल्यावर एक समाधान यायचं, अंघोळ झाल्यासारखं. मग दिवसभर काही नसलं तरी चालायचं. आणि दिवसभर खरंच काही नसायचं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या काचेच्या दारापाशी आला आणि कार्ड हातात घेऊन थांबला. मागं उभी असलेली ऑफिसातली एक पोरगी म्हणाली, "डॉक्टर, चाललंय ना?" त्यानं कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, आणि आज त्यानं बघितलं, छातीतून हवा खरंच सुटली. लबाडे, म्हणजे रोजच सुटतेस की तू. जागेवर बसला, म्हाताऱ्याला थाप मारली. साहेबीण आली. त्याच्यापेक्षा वयानं लहान, तो तिला शिकवायला होता एके काळी, आता ती त्याची वरिष्ठ, आणि दोघांनाही त्याचं काही वाटायचं नाही इतकी ती सरळ बाई. तिच्या हातात कॉफी होती. "काय रे, तोंड का असं?" "काही नाही." "वरती बदलाबिदलाचं बोलतायत म्हणून घाबरलायस? तू नको घाबरू. म्हातारा आहे तोवर तू आहेस." आणि त्याच्या खांद्यावर थोपटून गेली. प्रेमानं म्हणाली होती. खरंच प्रेमानं. पण ती ज्या तऱ्हेनं थोपटून गेली ती थाप त्याच्या ओळखीची होती. रोज सकाळची. खांदा कितीतरी वेळ वेगळा वाटत राहिला, जसा दुसऱ्याच कुणाचा तरी त्याला शिवून दिलाय. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. झाड आत बघत होतं. घ्या. त्याला उंटाचं बोलणं आठवलं, आणि आठवलं म्हणजे काय, ते विसरायला तो गेले कित्येक दिवस झटत होता.

उंट म्हणजे त्याचा जुना सोबती, शेजारच्या खुर्चीवरचा. मान लांब, चाल डुलती, आणि काहीही खायला दिलं तर तोंड हलवत खाणारा. तो फार पूर्वी नोकरी सोडून गेला होता, आणि सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं, डॉक्टरनं सगळ्यात जास्त. आता उंटानं फळांच्या एका मोठ्या गोदामाच्या वर दोन खोल्या घेतल्या होत्या. फळं पिकवायच्या बंद खोल्या असतात ना, त्यांची ऊब, त्यांची हवा सांभाळणारी यंत्रं तो बनवायचा, आणि त्या यंत्राचं डोकं लिहायला त्याला माणूस हवा होता. "तूच पाहिजेस," तो फोनवर म्हणाला होता. "पगार तुझ्या आत्ताच्यापुढं लाज वाटावी असा देईन. धंदा चालेलच असं नाही. उन्हाळ्यात वरची खोली भट्टी होते. आता ये." "हे काय आमंत्रण झालं?" "खोटं बोलून आणू काय तुला? मंगळवारपर्यंत सांग. एक पोरगी तयार आहे, चांगली आहे, बुधवारी मी तिला हो म्हणणार. मग बोंब मारायची नाही."

शनिवारी तो तिथं गेला. नुसता बघून येतो, असं घरी सांगून गेला, आणि बायको म्हणाली, "बघून ये, मुलगी बघायला जातात तसं." खालच्या गोदामात पाऊल टाकलं आणि वास अंगावर आला. कच्च्या केळ्यांचा हिरवट, तुरट वास, त्यात कुठंतरी पिकलेल्याचा गोड पदर, लाकडी खोक्यांचा, ओल्या गोणपाटाचा. वर उंट जमिनीवर बसला होता, भोवती तारांचा पसारा, पायात मोजे नाहीत. "बस. खुर्ची एकच आहे, तिचा एक पाय मोडलाय." एक यंत्र सकाळपासून वेडं झालं होतं, खालची तीन नंबरची खोली नको तेवढी तापवत होतं, आणि उंटाला सापडत नव्हतं का ते. डॉक्टर म्हणाला, बघू. आणि मग तो बघतच राहिला. कधी जमिनीवर बसला, कधी पालथा झाला, कधी जिना उतरून खाली गेला आणि त्या बंद खोलीत अंधारात उभा राहून त्यानं नाकानं हवा ओढली, काही कळेना. पुन्हा वर. उंट म्हणाला, "तुमच्याकडं चूक झाली की काय होतं? स्क्रीनवर लाल ठिपका येतो. इथं चूक झाली की वास येतो." आणि खरंच आला. खालून, आंबूस. खालचा गोदामवाला जिन्यात येऊन ओरडला, "ए उंटा, माझी केळी शिजवतोस का रे?" उंट वरून ओरडला, "डॉक्टर आलाय, थांब जरा!" "डॉक्टर आलाय म्हणजे गेलीच म्हणायची!" दोघं हसले, आणि हसता हसता डॉक्टरला दिसलं. एक साधी गोष्ट. यंत्र ऊब मोजत होतं ती दाराजवळची, जिथं येता जाता गार वारा लागायचा. त्यामुळं त्याला वाटायचं खोली गारच आहे. त्यानं ते सांगितलं तेव्हा त्याचा आवाज त्यालाच वेगळा लागला, वरच्या पट्टीतला, पोरासारखा. मग बाहेर बघितलं तर दिवस कलला होता. जेवण राहिलं होतं. गुडघे दुखत होते, शर्टाला वंगण, पाठीला मुंग्या. आणि लगेच मागोमाग, त्या आनंदाच्या शेपटाला धरून, ते दुसरं आलं. ह्या वयात जमिनीवर बसायचं? पोरीचं शिक्षण पुढं उभं. आई. आणि उद्या ह्या उंटाचा धंदा बसला तर? कोण घेणार मला? मला येतं काय? म्हाताऱ्याला उठवता येतं. घरी जाताना हाताला केळ्याचा वास येत होता आणि तो हात पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होता.

बायको गॅलरीत कपडे काढत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, चिमटे तोंडात धरून. मग चिमटे काढले आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारते त्या आवाजात म्हणाली, "हनुवटी इथं ठेवा. समोर बघा. हे बरं, की हे बरं? ऑफिस? की केळी?" "थट्टा नको ना." "थट्टा कुठं करतेय? सांग. पहिलं बरं की दुसरं?" त्यानं दोरीवरचा एक मोजा ओढून काढला. "आता? पहिलं?... की दुसरं?" "दोन्ही सारखंच वाटतंय गं." "दोन्ही सारखंच म्हणणारे रोज येतात आमच्याकडं," ती म्हणाली. "त्यांना आम्ही जुनाच नंबर देतो." आणि चादर झटकायला लागली. थोड्या वेळानं चादरीच्या पलीकडून म्हणाली, "मी तुला सोड म्हणणार नाही. धर पण म्हणणार नाही. मला भीती वाटतेय, ती माझी मी बघते. पण उद्या माझ्यामुळं सोडली नाही असं म्हटलंस ना, तर मी तुला घरात घेणार नाही. कार्ड लावून बस मग."

रविवारी तो आईच्या खोलीत जाऊन बसला. त्याच्या मनात आईची एक गोष्ट होती, जन्मभर जपलेली. आई टेलिफोन एक्स्चेंजात होती. मोठा लाकडी बोर्ड, त्याला भोकंच भोकं, त्यात वायरी खुपसून ह्याचा फोन त्याला जोडून द्यायचा. मग सगळं आपोआप झालं, नवी यंत्रं आली, पण ह्या बायकांना काढलं नाही, पगार देऊन बसवून ठेवलं. शाळा सुटली की तो तिकडं जायचा. लांब व्हरांडा, फरशीला फिनेलचा वास, आणि आत आई त्या मेलेल्या बोर्डासमोर कानाला हेडफोन लावून ताठ बसलेली. एक वायर नाही जोडलेली. त्याला ते चित्र तेव्हा काही वाटलं नव्हतं, पण मोठा झाला तसं ते मोठं झालं. ते आठवलं की अंगावर काटा यायचा. मित्रांत बसला की तो सांगायचा, माझ्या आईला त्यांनी काही न करायला लावून मारलं. आणि बोलता बोलता डोळ्यात पाणी यायचं त्याच्या. परवापासून तर ते चित्र हलतच नव्हतं समोरून, फक्त आईच्या जागी तोच बसलेला, खिडकीत झाड. म्हणून तो तिच्या डाव्या बाजूला बसला आणि म्हणाला, "आई, बोर्ड बंद पडला तेव्हा तुला सोडावीशी नाही वाटली नोकरी?"

"सोडून काय करू? तुझ्या बापाचं तोंड बघत बसू?" आई शेंगा सोलत होती.

"तसं नाही. दिवसभर नुसतं बसायचं म्हणजे..."

"नुसतं कोण बसत होतं? अरे, आयुष्यात तेवढी मजा पुन्हा नाही केली मी. पत्ते काय, भेंड्या काय. ती जाडी होती बघ, तुला गोळ्या द्यायची, ती सगळ्यांचे केस कापायला शिकली आमच्या डोक्यांवर. पहिले दोन महिने आम्ही सगळ्या घाबरगुंडी उडाल्यासारख्या दिसत होतो. साहेबाची नक्कल करायचो. साहेबानं एकदा बघितली आणि म्हणाला, मान जरा आणखी वाकडी करा."

त्याला कळेना हसावं की काय करावं. एवढी वर्षं सांगितलेली गोष्ट. "मग हेडफोन का लावून बसायचीस? मी बघायचो ना. ताठ. कानाला लावून."

"तू यायचास म्हणून," आई म्हणाली. एक शेंग किडकी निघाली, ती तिनं बाजूला टाकली. "दारावरचा माणूस ओरडायचा, पोरगं आलं गं तुमचं. की आम्ही पत्ते ड्रॉवरमधे, आणि मी हेडफोन कानाला. तुला दिसायला नको का, आई काम करते ते? तू घरी गेलास की पुन्हा डाव." ती हसली, मग थांबली, आणि बऱ्या कानावरचे केस मागं सारून तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुझ्या बायकोनं सांगितलंय मला. माझं बघून काही ठरवू नको बाबा. मला सोडायची नव्हती, मी सोडली नाही. पण तू तो हेडफोन लावून बसतोस, तर तुला कोण बघायला येतं रे?"

तो उठून गॅलरीत गेला. खाली मुलं सायकली फिरवत होती. एक मुलगी दर फेरीला त्याच खांबाला हात लावून वळत होती, हात लागला नाही तर मागं येऊन लावत होती. कोण येतं बघायला? आईचा पत्ते ड्रॉवरमधे सरकवणारा हात त्याला दिसायला लागला, जो त्यानं कधीच बघितला नव्हता. म्हणजे जे चित्र तो जन्मभर घेऊन फिरला ते त्याच्यासाठीच मांडलेलं होतं, आणि त्याच्या पाठीमागं, तो व्हरांड्यातून परत फिरला की, तिथं हसणं सुरू व्हायचं. फसवलं म्हणावं तर फसवलं. राग येईना पण. उलट हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटत होती, कारण आता टेकायला काही उरलं नव्हतं. आईसारखं व्हायचं नाही म्हणून सोडायची, हे एक कारण होतं हाताशी, तेही गेलं. सकाळी ती एक ओळ टाइप करताना तो मान ताठ करायचा, बोट जरा उंचावरून आणायचा, हे त्याला आत्ता गॅलरीत उभं असताना आठवलं. बोट उंचावरून. कुणाला दाखवायला? पोरगी शाळेत, बायको दुकानात, साहेबीण कॉफीला. तो एकटा बसून एकट्याला दाखवत होता की काम चालू आहे, आणि त्या बघणाऱ्यालाही ते पटलेलं नव्हतं, कारण तो जिन्यात कार्ड धरून उभा होता.

सोमवारी त्यानं म्हाताऱ्याला हात घातला. कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं मोठं काम नव्हतंच. यादीच्या शेवटी रिकामी ओळ आली तर ती टाकून दे आणि पुढं चल, एवढंच लिहायचं. आधी बाजूला एका नकलेवर करून बघितलं, पुन्हा बघितलं, दुपारी पुन्हा. चालत होतं. त्याला मनातून वाटत होतं चालू नये. काहीतरी मोडावं, आणि आपण म्हणावं, बघा, म्हटलं नव्हतं का, जुन्या माणसाला सुरी लावू नये. काही मोडलं नाही. संध्याकाळी त्यानं ते खऱ्या म्हाताऱ्याला लावलं आणि घरी गेला. जेवला नाही नीट. मुलगी म्हणाली, "बाबा, चार्जिंग संपलं का?" तो म्हणाला, "हो." तिनं आपल्या ताटातली आवडीची अर्धी वडी त्याच्या ताटात सरकवली.

मंगळवारी सकाळी तो जागेवर येऊन बसला, स्क्रीन उघडली, आणि म्हातारा आधीच उठलेला होता. पहाटेच. तोंडबिंड धुऊन कामाला लागलेला. सगळ्या जागा वाटून झालेल्या, लोक आपापल्या खिडकीशी बसून कुठं कुठं उडून गेलेले. त्याची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथंच राहिली. त्यांना काही करायचं नव्हतं. त्यानं ती ओळ तरीही टाइप केली, सवयीनं, एंटर मात्र मारलं नाही, मग एक एक अक्षर पुसलं. ऑफिसात नेहमीचे आवाज होते. कॉफीचं यंत्र घुरघुरत होतं, कुणीतरी फोनवर "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करत होतं. एक पोरगा जाता जाता म्हणाला, "डॉक्टर, म्हातारा कसाय?" "आपणहून उठला." "वा, मस्त," तो म्हणाला आणि गेला. त्याला कळलंही नाही काय ऐकलं ते.

साहेबीण तिच्या खोलीत होती. त्यानं जाऊन तिला सांगितलं, म्हातारा आता अडकणार नाही. ती खूश झाली, खरंच झाली. "अरे, हे आधी का नाही केलंस?" तो म्हणाला, "राहून गेलं." "मग आता सकाळचं तुझं काय काम?" "काही नाही." ती हसली. "बस की मग निवांत. कमावलंयस तू. तुला कोण काय म्हणतंय?" कोणी काही म्हणत नव्हतं, हेच. त्याला तिच्या पाठीमागचा लांब व्हरांडा दिसला, जो तिथं नव्हता, फिनेलचा वास, आणि दारावर ओरडायला कुणी नाही. "मी सोडतोय," तो म्हणाला. आवाज साधा निघाला, चहा घेणार का विचारावं तसा. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "कोण देतंय जास्त?" "कमी देतोय. केळी पिकवायची आहेत." "काय?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "जमिनीवर बसशील ह्या वयात? तुझे गुडघे बघ." "दुखतायत," तो म्हणाला. "शनिवारपासून दुखतायत." आणि गळ्यातलं कार्ड काढून त्यानं तिच्या टेबलावर ठेवलं. ठेवताना जरा आवाज करूनच ठेवलं, खोटं कशाला बोला.

तिथंच फसला गडी. ताठ चालत काचेच्या दारापाशी आला, उंटाला फोन करायला जिन्यात जायचं होतं, आणि दार उघडेना. बाहेर पडायलाही कार्डच लागतं. एवढी वर्षं रोज लावून जायचा, पण आत येतानाचं भय मोठं, बाहेर जाताना लावतो हे ध्यानातच नव्हतं. तो उभा राहिला. काचेत स्वतःचाच चेहरा, पलीकडं जिना. मागं पोरं बघत होती. साहेबीण मागून आली, कार्डाची दोरी बोटाला लटकवून. "नोटीसचे महिने कोण भरणार? घाल गळ्यात." तिनं स्वतःच ते त्याच्या गळ्यात घातलं, बक्षीस घालतात तसं, आणि तिचे डोळे जरा ओले होते, की त्याचे, काचेत कळेना. त्यानं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. छातीत काही झालं नाही. त्यानं मुद्दाम थांबून बघितलं, काहीच नाही. जिन्यात जाऊन त्यानं फोन लावला. उंट म्हणाला, "हो की नाही?" तो म्हणाला, "हो." "मग खुर्ची दुरुस्त करून घेतो," उंट म्हणाला आणि ठेवला.

संध्याकाळी तो जिना चढला. आता भीती आली होती, खरी, नावागावाची, हिच्याशी बोलता तरी येत होतं. दारासमोर आला. बेलवर बोट ठेवलं. आत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली, आणि दारातलं भिंग काळं झालं. पलीकडं एक डोळा होता, रोज शेकड्यांनी डोळे बघणारा.

"सोडली," तो दाराला म्हणाला.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, तिचा आवाज आला. थोडा कापरा होता, पण हसण्याच्या बेतात होता. "किल्ली आहे ना?"

"आहे."

"मग उघड तुझं तू. बघू तरी."

त्यानं खिशात हात घातला. रुमाल आला, सुट्टी नाणी आली, खाली तळाला किल्ली होती. घातली, फिरवली. अडली. पुन्हा जोरानं फिरवली, पुन्हा अडली. भिंग अजून काळंच होतं. बाई हलायला तयार नव्हती. त्यानं हात मोकळा केला, श्वास घेतला, आणि किल्ली आधी थोडी उलटी फिरवली.